ल्यूकचं म्हातारपण आणि आपला राग

परवा मावसभावाकडे जेवणं झाल्यावर स्टार वॉर्सचा विषय निघाला आणि तो परत तापलाच. "त्या लास्ट जेडायवाल्यांनी माझ्या ल्यूकची वाट लावली, संपला विषय." 'द लास्ट जेडाय' हा स्टार वॉर्सचा पिक्चर २०१७ च्या डिसेंबरमधला, इतकी वर्षं झाली तरी राग तसाच ताजा आहे. मला तो खोटा वाटत नाही, कारण तेव्हा थिएटरमधून बाहेर पडल्यावर मी पण पार्किंगपर्यंत कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७७ ते १९८३ च्या तीन पिक्चरमधला ल्यूक स्कायवॉकर म्हणजे शेतावर वाढलेला पोरगा, दोन सूर्य मावळताना बघत उभा राहणारा, जो शेवटी आपल्या बापाला, खलनायक झालेल्या डार्थ वेडरला, परत माणसात आणतो. मग २०१५ च्या पिक्चरमध्ये तो दिसतो थेट शेवटच्या सीनमध्ये, बेटाच्या कड्यावर, पिकलेली दाढी, तोंडातून शब्द नाही, आणि रे नावाची नवी नायिका त्याची जुनी लाईटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, पुढे करून उभी. तिथेच पिक्चर संपला. दोन वर्षं आम्ही त्या एका फ्रेमवर काढली. आणि २०१७ ला त्याने काय केलं, तर ती हातात घेतली आणि खांद्यावरून मागे भिरकावून दिली! थिएटरात बरेच जण हसले, माझ्या पोटात मात्र गोळा आला.

पुढे तर आणखी वाईट कळतं. झोपलेल्या भाच्याच्या, बेनच्या मनातला अंधार बघून या माणसाने क्षणभर त्याच्यावर लाईटसेबर उपसलेली असते. सख्खा मामा! भाचा डोळे उघडतो ते हे बघतो, आणि त्याचा पुढे कायलो रेन नावाचा खलनायक होतो, मामा सगळं सोडून बेटावर तोंड लपवून बसतो. लोकांचं म्हणणं एकच होतं, ज्याने वेडरमध्ये चांगुलपणा शोधला तो पोरावर शस्त्र उचलेलच कसा? ल्यूकचं काम करणाऱ्या खुद्द मार्क हॅमिलने दिग्दर्शक रायन जॉन्सनला सांगितलं होतं की ल्यूकबद्दलचे तुझे जवळपास सगळेच निर्णय मला मुळातून पटत नाहीत. हे सगळे फॅन आठवणीने सांगतात, पण हे असं उघड बोलायला नको होतं असं तोच नंतर म्हणाला, ते कोणी सांगत नाही.

आता माझं मत. १९८३ चा पिक्चर परत लावून बघा. वेडर नुसतं बहिणीचं नाव काढतो आणि ल्यूकचा तोल जातो, तो बापावर असा तुटून पडतो की त्याचा हात तोडतो, आणि मग स्वतःच्या यांत्रिक हाताकडे बघून भानावर येतो, लाईटसेबर फेकून देतो. म्हणजे घाबरला की आधी हात उचलणारा आणि मग थांबणारा, हा तोच माणूस आहे ना. बेनच्या खोलीतही तो थांबलाच होता, फक्त यावेळी पोराने डोळे उघडले होते.

आणि आपल्याला हे काय नवीन आहे? मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटायला येतात आणि त्याला गांडीव धड चढवता येत नाही, अस्त्रं आठवत नाहीत, बायका डोळ्यांदेखत पळवून नेल्या जातात. कुरुक्षेत्र जिंकलेला अर्जुन! व्यासांनी माझ्या अर्जुनाची वाट लावली असं कोणी म्हणत नाही, उलट ते वाचताना घशात आवंढा येतो.

एक गोष्ट मात्र मी भावासमोर मान्य केली. मधली तीस वर्षं आम्हाला दिसलीच नाहीत. जेडाय योद्धे घडवायची त्याची शाळा, त्याचे शिष्य, बेनवरची त्याची माया, यातलं काहीच नीट न दाखवता एकदम जळलेली शाळा दाखवली, मग तुटलेला ल्यूक पचणार कसा? ही तक्रार खरी आहे. पण स्टार वॉर्सच्या अधिकृत कथेतून हा पिक्चर गाळून टाका म्हणून लाखावर सह्यांची पिटिशन काढणं, आणि त्यातल्या रोझचं काम करणाऱ्या केली मरी ट्रॅनला इतकं छळणं की तिने २०१८ ला इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या, याला मी प्रेम म्हणणार नाही.

२०२० ला मँडलोरियन या स्टार वॉर्सच्याच सिरीजमध्ये कॉम्प्युटरने तरुण केलेला ल्यूक आला, एकट्याने सगळे रोबो कापले, आणि भाऊ रडला. मीही खूश झालो, खोटं का बोलू. पण परत परत बघतो तो लास्ट जेडायच्या शेवटचा, क्रेट ग्रहावरचा सीन. लाल मातीवर मीठ पसरलेलं, सगळ्यांची पावलं लाल उमटतात आणि ल्यूकची उमटतच नाहीत, कारण तो तिथे नाहीच, बेटावर बसून जीव पणाला लावून स्वतःची नुसती छबी पाठवलीये. भाच्यावर एक वार करत नाही. "सॉरी" म्हणतो. मग बेटावर दोन सूर्य मावळताना बघत प्राण सोडतो.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ल्यूकचा जुना मित्र, बेनचा बाप हान २०१५ च्या पिक्चरमध्येच मारून टाकला, आणि ल्यूक, त्याची बहीण लेया, हान हे तिघं म्हातारपणी एकदाही एका फ्रेममध्ये दिसले नाहीत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये लेयाचं काम करणारी कॅरी फिशर पण गेली. लास्ट जेडायमध्ये ल्यूक लेयाच्या हातात हानचे फासे ठेवतो आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवतो, तेवढंच काय ते मिळालं. तिघांचं एक जेवण तरी दाखवायचं होतं राव.