दिवस कुठून मोजायचे ते तरी सांगा की!

"तीस दिवसांच्या आत अपील करावे." झालं! एवढं लिहून साहेब मोकळे. आत म्हणजे कधीच्या आत? आदेशाचा दिवस धरून, की सोडून? सही झाली तेव्हापासून, की पोस्टमन दारात आला तेव्हापासून? खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जाचं दुकान टाकलंय म्हणून हे सगळं मी सांगायचं. सकाळी शटर वर जायच्या आत कुणीतरी कागद नाचवत उभं असतंय, "दादा, शेवटची तारीख काढून दे की, कॉम्प्युटर हाय नव्हं तुझ्याकडं!"

हाय हो कॉम्प्युटर. पण त्याला विचारायचं काय?

५ मार्चचा आदेश घ्या. पहिला दिवस धरला तर तीस दिवस ३ एप्रिलला संपतात, सोडला तर ४ एप्रिलला. १९६३ चा मुदतीचा कायदा कलम १२ मध्ये स्वच्छ सांगतो की पहिला दिवस सोडायचा. आदेशाची नक्कल मिळायला जे दिवस गेले तेही वगळायचे. शेवटच्या दिवशी कोर्टच बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करायचं. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना आमचे एक मामा ४ तारखेला कचेरीत गेले, तर खिडकीतला माणूस बोटं मोजून कन्नडात म्हणतो, "निन्ने मुगीत्री!" काल संपली म्हणे! बिचारे मामा तसेच माघारी, आणि राग कुणावर? माझ्यावर. अरे, तीस दिवस लिहिण्यापेक्षा "४ एप्रिलपर्यंत" लिहायला शाई जास्त लागते काय?

दिवसांचं हे असं, तर महिन्याची गोष्टच सोडा. ३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे कधी? एक प्रोग्रॅम म्हणतो २८ फेब्रुवारी, दुसरा खुशाल ३ मार्च दाखवतो. दोघांच्याही तोंडावर एक रेघ हलत नाही.

एक्सेलनं तर माझं डोकंच उठवलंय. मशीन अमेरिकन सेटिंगवर असेल तर १३/०४ टाकलं की तो तारीख मानतच नाही, डावीकडं चिकटवून ठेवतो. ते निदान दिसतं तरी. पण ०५/०४ टाका, गपचूप ४ मे करून उजवीकडं बसवतो! पाच एप्रिलचा माणूस मे महिन्यात गेला आणि यादीत सगळं कसं सरळ दिसतंय. वर १९०० साली २९ फेब्रुवारी होता असंही तो मानतो. नव्हता. शतकाचं साल ४०० नं भागलं तरच लीप. एक्सेलच्या आधी हिशेबाला वापरायचे त्या लोटस १-२-३ प्रोग्रॅममधली चूक मुद्दाम तशीच ठेवली, का तर जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून.

वय काढायचं तर आणखी मजा. आमच्या भागात अर्धं गाव १ जूनला जन्मलंय, शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोय बघितली. आता आज्जीच्या पेन्शनला पासष्ट वर्षं पूर्ण कधी, यावर घरात भांडण. तिकडं सरकारी नोकरीतले १ जूनवाले ३१ मेलाच हार घालून घरी येतात. एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त, हा नियमच आहे. पटवून सांगता सांगता माझी गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात.

परवा ग्रुपवर एकानं तर कहर केला. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०, वार मंगळवार, कॉम्प्युटरवर काढला म्हणून छाती फुगवून टाकलं. (बेळगावात चित्ररथ निघतात ते वैशाखातल्या शिवजयंतीला, ते भांडण वेगळंच.) जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या तारीखवार नोंदीत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असं लिहिलंय. आणि शुक्रवारच बरोबर! कारण ही १९ तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, इंग्रजांनी ते १७५२ साली सोडलं. आजच्या कॅलेंडरनं तो दिवस १ मार्च येतो, दहा दिवसांचा फरक. कॉम्प्युटर आजचंच कॅलेंडर मागं ताणत नेतो आणि मंगळवार फेकतो.

हे सगळं टाइप करून पाठवलं, तर उत्तर काय? "कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय रे?"

बोलतोय की!