बेडकाचं नाक आणि काकांची ट्यूब

आज सकाळी दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती. आत अँटिसेप्टिक क्रीमची ट्यूब, आणि तिला रबरबँडने गुंडाळलेली चिठ्ठी: 'बेडकासाठी. दिवसातून तीनदा. पैसे नकोत.' खाली सही, सहीखाली दोन रेघा आणि कोपऱ्यात बॉलपेनने काढलेला बेडूक. समोरच्या बाईंना मराठी येत नाही, पण चित्र सगळ्यांनाच कळतं. कचऱ्याची पिशवी हातात धरून त्यांनी ते नीट पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. आजारी जनावर पाळायचं हिने आणि औषध पुरवायचं शेजाऱ्यांनी, हे त्या नजरेत स्पष्ट होतं.

काका खालच्या मजल्यावरचे. मूळचे नागपूरचे, सध्या मुलाकडे सिडनीला मुक्काम. सगळी नोकरी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून झालेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसणं सुटलं, 'डॉक्टर, एकच मिनिट' म्हणायची सवय सुटली नाही. इथे डॉक्टर नाहीत. मी आहे.

बेडूक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक. न्यू साउथ वेल्समध्ये तो पाळायला परवाना लागतो. क्वीन्सलँडमधून केळ्यांच्या खोक्यात बसून पुष्कळ बेडूक सिडनीच्या बाजारात उतरतात. त्यांना इथल्या रानात सोडता येत नाही, कारण कायट्रिड बुरशीसारखे रोग सोबत आलेले असू शकतात. मग ते परवानाधारकांच्या घरी येतात आणि बहुतेक वेळा नाक सोलवटूनच येतात. खोक्यात, जाळीवर, काचेवर उडी मारून मारून नाकाडाचं कातडं जातं. नव्या घरी काच दिसत नाही, म्हणून पुन्हा तिथेच धडक. जखम भरत नाही याचं पहिलं कारण हे असतं. औषध नंतर.

म्हणून तो सध्या दवाखान्याच्या डब्यात आहे. झाकणाला भोकं असलेला गुळगुळीत प्लास्टिकचा डबा, तळाला ओला केलेला साधा, बिनवासाचा किचन टिश्यू, पाण्याची उथळ वाटी, लपायला पाइपचा तुकडा. चारही बाजूंना बाहेरून कागद चिकटवलेला, म्हणजे पलीकडचं दिसत नाही आणि उडी वाचते. माती, साल, दगड काही नाही. टिश्यू रोज बदलायचा, कारण विष्ठेतला अमोनिया कातडीतून सरळ आत जातो.

ही ट्यूब यायच्या आधी एकदा काका माझ्याकडे कढीपत्ता मागायला आले आणि हा डबा बघून उभेच राहिले.

"हे काय करून राहिली तू? जेल आहे का?"

"दवाखाना आहे, काका."

"दवाखान्यात औषध असते."

इथपर्यंत माझा आवाज गोड होता.

"बीटाडीन लाव की. पायाच्या जखमांवर किती विकलं आम्ही!"

मी सांगितलं की बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून पितो. वर लावलेलं सगळं पोटात घेतल्यासारखंच. आयोडीन, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं बंद. शिवाय तो दर थोड्या दिवसांनी जुनी कातडी सोडतो आणि ओढून ओढून खातो. म्हणजे मलमही खातो.

"कातडी खाते?" काकांनी कढीपत्ता खाली ठेवला. "बरं. मग सलाईननं धू. सलाईनमध्ये तर काही नाही ना? ०.९ टक्के."

"ते माणसाचं. लिटरला ९ ग्रॅम मीठ. याचं रक्त त्याहून पातळ. उभयचरांचं रिंगर द्रावण लिटरला ६.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.१५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.१५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि ०.२ ग्रॅम खायचा सोडा."

काकांनी खिशातून पेन काढलं. खरोखर लिहून घेतलं. हा माणूस चुकीच्या प्राण्याच्या मागे लागलाय, पण शिस्त आहे, हे मान्य करावं लागेल. तेवढ्यात मोबाइलवर काकू आल्या, स्पीकरवर. हळद. मी म्हटलं, नको. का, ते सांगायचं त्राण राहिलं नव्हतं.

"आणि ही आमची ट्यूब?" हीच ती, आज दारावर लटकलेली. तेव्हा ती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. "दुखणं पण कमी करते. लिडोकेन आहे यात."

इथे मी आवाज चढवला, आणि त्याचा मला अजिबात खेद नाही. ज्या मलमावर 'वेदनाशामक' लिहिलंय आणि घटकाच्या नावाच्या शेवटी 'केन' येतं, म्हणजे बधिर करणारं औषध, ते बेडकाजवळ न्यायचं नाही. बेंझोकेन तर पशुवैद्य बेडकाला भूल द्यायला वापरतात. प्रमाण वाढवलं की त्याच औषधाने त्याला कायमचं झोपवतात.

काका थोडा वेळ गप्प. मग हळूच: "मंजे लोकल लावलं तर जनरल होते?"

आमच्या ओळखीतलं त्यांचं सर्वांत अचूक वाक्य हे. मी तसं बोलून दाखवलं. ती चूक नडली, कारण त्यांना वाटलं, व्हिजिट यशस्वी झाली. डोसाकडे वळले.

डोसाची गोष्ट अशी. जखम चिघळली तर पशुवैद्य एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देतात, बेडकाला ते कातडीवर थेंब टाकूनही देता येतं. किलोला १० मिलिग्रॅम धरले तर ४० ग्रॅमच्या बेडकाला ०.४ मिलिग्रॅम. बाटलीत मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतील, तर लागणार ०.०१६ मिलिलिटर. इन्सुलिनच्या सिरिंजवरही हे नीट मोजता येत नाही. म्हणून ते दहापट पातळ करून ०.१६ मिलिलिटर द्यायचं, आणि पातळ करून देणार डॉक्टर, आपण नाही. त्यासाठी आधी वजन हवं. डबा झाकणासकट किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, बेडूक काढून पुन्हा ठेवायचा, वजाबाकी करायची. काकांचं म्हणणं, "अर्धी गोळी चुरून?" मी उत्तर दिलं नाही.

साध्या, स्वच्छ जखमेवर डॉक्टरांनी सांगितलं तर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, कापसाच्या काडीने पातळ हात. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे, तेही क्लोरीन काढलेल्या पाण्यात खळबळून. सिडनीच्या अनेक भागांत नळाला क्लोरामाइन असतं. ते रात्रभर पाणी उघडं ठेवून उडत नाही, क्लोरीन उडतं. ते मोडणारा वॉटर कंडिशनर पाण्यात टाकावाच लागतो. धडका थांबूनही जखम महिना महिना रेंगाळते ती बहुतेक या पाण्याने, थंडीने नाहीतर उपासमारीने. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, घर १७ अंशांवर येतं आणि बेडकाचं शरीर दुरुस्तीचं काम जवळजवळ थांबवतं. डबा २५ ते २८ अंशांत हवा. हीट मॅट बाजूच्या भिंतीला बाहेरून लावायची, थर्मोस्टॅटसकट. तळाखाली कधीच नाही. व्हिटॅमिन ए कमी पडलं तरी कातडी नीट धरत नाही. व्हिटॅमिन पावडरच्या डब्यावर रेटिनॉल आहे की नुसतं बीटा-कॅरोटीन, ते वाचायचं, कारण बेडकांच्या बाबतीत बीटा-कॅरोटीनवर भरवसा ठेवता येत नाही. आणि जास्त घालायचं नाही, तेही बाधतं.

जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर बुरशी. मांड्या आणि पोट लालबुंद झालं, बेडूक पसरून पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर. नाकावर हाड दिसलं तरी तेच. एरवी त्याला हात लावायचा नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्याच उजेडात फोटो काढायचा आणि कडा आत सरकताहेत का ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे. काकांना ते औषध न करणं वाटतं.

गंमत म्हणजे याच जातीच्या कातडीतून सेरुलीन नावाचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, निघालं आणि ते माणसाच्या पित्ताशयाच्या तपासणीत वापरलं गेलं. जंतूंना मारणारी पेप्टाइडंही तिथेच असतात. घासून धुतलं की ती आपणच काढून टाकतो. म्हणजे फार्मा कंपनी डब्यात बसलीय आणि रिप्रेझेंटेटिव्ह दारावर. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कंपनी कोणती.

एवढं सगळं ऐकून, लिहून घेऊन, मान डोलावून गेलेल्या माणसाने आज ती ट्यूब लटकवली. वर, बिल्डिंगच्या ग्रुपवर काल तक्रार आलीय की वरच्या मजल्यावरून रात्रभर किर्र आवाज येतो, झोप लागत नाही. तक्रार काकांच्याच फ्लॅटमधून. किरकिरतो तो बेडकाचा खाऊ, क्रिकेट, म्हणजे रातकिडा. फक्त पंख फुटलेले मोठे नर किरकिरतात. आता मी अर्ध्या आकाराचे, बिनपंखांचे आणते. चिमट्याने एकेक भरवायचे आणि उरलेले लगेच काढायचे, कारण रात्री डब्यात राहिलेला क्रिकेट जखमच कुरतडतो. खोक्यामागे चार डॉलर जास्त पडतात. ते काकांच्या मुलाकडून मागावेत का, हे अजून ठरलेलं नाही.