रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला तीन मैत्रिणींनी पाठवला. तिघींनीही काळजीपोटीच. त्याचा सारांश असा: ‘खाली’ सतत दुखत असेल, आग होत असेल आणि तपासण्या नॉर्मल असतील, तर तो आजार नाही, मनातली भीती आहे. बऱ्याचदा ते साधं इन्फेक्शन असतं, बुरशीचं औषध घ्यावं. नाहीतर स्नायू सैल पडलेले असतात, किगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम) करावेत. मन मोकळं ठेवावं, मूल झालं की सगळं थांबतं. आणि तरीही नाहीच थांबलं तर यावर औषध नाही, सवय करून घ्यावी.

म्हणजे आजार नाही, आजार किरकोळ आहे आणि आजार असाध्य आहे, हे तिन्ही एकाच दमात. या दुखण्याला व्हल्वोडिनिया म्हणतात आणि ते मी नऊ वर्षं अंगावर वागवते आहे. त्यामुळे एकेक मुद्दा घेते.

आधी ‘रिपोर्ट नॉर्मल’ हा मुद्दा, कारण बाकीची सगळी इमारत त्यावरच उभी आहे. कुठले रिपोर्ट? माझे होते लघवीची तपासणी, योनिस्रावाची तपासणी आणि सोनोग्राफी. पहिल्या दोन तपासण्या जंतू शोधतात, तिसरी गर्भाशय आणि अंडाशय बघते. माझं दुखणं यांपैकी कशातच नव्हतं. ते होतं योनीद्वाराच्या कडेला, नखाएवढ्या दोन जागांवर. स्वयंपाकघर तपासून अंगणातला साप सापडत नाही म्हणून साप नाहीच, असं ठरवण्यातला हा प्रकार.

इथे भाषेचाही घोळ आहे. व्हल्व्हा म्हणजे बाहेरून दिसणारा सगळा भाग, आणि व्हजायना म्हणजे आतला मार्ग. आपण दोन्हीला सरसकट योनी म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही, नुसतं ‘खाली’. या दोहोंच्या सीमेवर एक ओलसर, गुलाबी पट्टी असते. डॉक्टर तिला व्हेस्टिब्यूल म्हणतात, मी उंबरठा म्हणते. या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार त्या उंबरठ्यावरच असतो. स्पष्ट कारण सापडत नाही, तरी व्हल्व्हाचं दुखणं किमान 3 महिने टिकून आहे, अशी त्याची व्याख्या 2015 मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी एकत्र बसून नक्की केली. नीट वाचलं तर लक्षात येईल, इन्फेक्शन किंवा त्वचारोगासारखं कारण न सापडणं हा या व्याख्येचाच भाग आहे. ज्या गोष्टीवर निदान उभं राहतं, तिचाच पुरावा करून मजकूर म्हणतो की आजार नाही.

शिवाय तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही, कापसाची काडी लागते.

माझी ती तपासणी चौथ्या डॉक्टरांनी केली. त्यांनी आधी माझ्या हातात छोटा आरसा दिला. म्हणाल्या, “घड्याळ समजा. वरची बाजू बारा, खालची सहा. मी कुठे लावते ते तुम्हीही बघा आणि दहापैकी आकडा सांगा.” काडी आधी मांडीवर टेकवली, मग बाहेरच्या ओठांवर. शून्य, शून्य. मग उंबरठ्यावर. बारा वाजता एक. तीन वाजता तीन. पाच वाजता माझ्या तोंडून आकडा निघालाच नाही, मी टेबलाची कड धरली होती. काडी दाबलेली नव्हती, नुसती टेकवली होती. सातलाही तेच. डॉक्टर थांबल्या, श्वास घ्यायला सांगितला आणि कागदावर काढलेल्या गोलात पाच आणि सातपाशी दोन फुल्या मारून प्रत्येकीपुढे आठ लिहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझं दुखणं कुठल्यातरी कागदावर होतं.

आधीच्या तिघांनी काडी लावलीच नव्हती. त्यांतल्या एकांनी तर न तपासताच “टेन्शन घेऊ नका” म्हणून चिठ्ठी लिहिली होती. हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असं नाही. अमेरिकेत बॉस्टन परिसरात झालेलं एक मोठं सर्वेक्षण 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे 16 टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी असं 3 महिने किंवा जास्त टिकलेलं दुखणं भोगल्याचं सांगितलं. त्यांतल्या जवळपास 40 टक्के स्त्रिया उपचाराला गेल्याच नव्हत्या आणि ज्या गेल्या, त्यांतल्या 60 टक्के स्त्रियांना तीन किंवा जास्त डॉक्टर करावे लागले होते. इतकं सर्रास दुखणं आणि ही धावपळ.

आता ‘मनातली भीती’. 1880 च्या दशकात थॉमस आणि स्कीन या दोन अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी व्हल्व्हाच्या या अतिसंवेदनशीलतेचं वर्णन करून ठेवलं होतं. त्यानंतर बरीच दशकं वैद्यकशास्त्र त्याबद्दल जवळजवळ गप्प राहिलं. 1998 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या उंबरठ्यावरचे ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तिथे नेहमीपेक्षा जास्त मज्जातंतूंची टोकं दिसली. वेदना वाहून नेणारी टोकं जिथे दाट झाली आहेत तिथे कापूस सुरीसारखा लागणारच. पुढे 2005 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासात, या स्त्रियांच्या त्या जागी हलका दाब दिला की मेंदूतली वेदनेशी निगडित केंद्रं इतर स्त्रियांपेक्षा जास्त पेटतात, असं दिसलं. वेदनेचा आवाज वाढवणारं बटण वर सरकलेलं असतं, असं मी समजून घेतलं आहे.

भीती नसतेच असं मी म्हणणार नाही. दर वेळी चटका बसणाऱ्या तव्याकडे हात जाताना आखडतोच. पण क्रम बघा: चटका आधी, आखडणं नंतर. मजकूर तो उलटा करतो. आणि भीती एकदा आली की ती स्नायू आवळते, दुखणं वाढवते, हेही खरं. म्हणूनच समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा, इथे उपयोग होतो. तो होतो म्हणजे दुखणं काल्पनिक होतं असं नाही. पाठदुखीलाही होतो. तसंच अमिट्रिप्टिलिनचं. ते नैराश्यावरचं जुनं औषध आहे, म्हणून चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभी असताना मलाही वाटलं होतं, ‘म्हणजे यांनीही मला वेडीत काढलं.’ मज्जातंतूंच्या वेदनेवर ते नैराश्यापेक्षा बऱ्याच कमी मात्रेत देतात. हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं होतं.

इन्फेक्शनचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. बुरशीच्या संसर्गाने आग होते, खाज सुटते. पण आग झाली की बुरशीच, हे गणित चुकतं. 2002 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा नुसता बुरशीचाच संसर्ग जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना निघाला. मी दोन वर्षांत किती ट्यूब संपवल्या ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी मलम लावलं की आग भडकायची आणि मला वाटायचं, इन्फेक्शन हट्टी आहे. प्रत्यक्षात आधीच चिडलेल्या त्वचेला ते मलमच झोंबत होतं. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर पुढची ट्यूब घेण्याआधी स्रावाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याची तपासणी, करायला सांगा. कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर बुरशीचं औषध बंद.

आणि उलट बाजूही आहे. प्रत्येक दुखणं व्हल्वोडिनिया नसतं. पांढरे चट्टे, पातळ झालेली, चिरणारी कातडी, रात्री झोपू न देणारी खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्यावर तीव्र स्टेरॉइडचं मलम लागतं आणि पुढे कर्करोगाचा थोडा धोका असल्याने नियमित तपासणीही लागते. बाळाला अंगावर पाजताना किंवा पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन उंबरठ्याची त्वचा नाजूक, कोरडी पडते, तिथे त्या जागी लावायचं इस्ट्रोजेन काम करतं. बसल्यावर वाढणारं, उभं राहिल्यावर किंवा कमोडवर बसल्यावर हलकं होणारं दुखणं प्युडेंडल नावाच्या मज्जातंतूचं असू शकतं. ‘साधं इन्फेक्शन’ म्हणून हे सगळं एकाच पोत्यात घातलं जातं.

किगलचा सल्ला वाचून मात्र मला राग येतो. या आजारात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल नसतात, बहुतेकींचे उलट आवळलेले असतात. मूठ आधीच घट्ट मिटलेली असताना ती आणखी आवळण्याचा व्यायाम सांगण्यासारखं आहे ते. मी चार महिने इमानेइतबारे केले आणि खुर्चीवर बसणंही अवघड झालं. नंतर भेटलेल्या फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी तिथे हातही लावला नाही. मला आडवं केलं, म्हणाली, “पायाची बोटं बघा.” दहाही बोटं आत वळलेली होती. मला पत्ताच नव्हता. पुढचे दोन आठवडे घरचा अभ्यास एवढाच: दिवसातून कितीदा पोट आत ओढलं जातं, जबडा आवळला जातो, बोटं वळतात ते पकडायचं आणि श्वास खाली, बैठकीपर्यंत सोडायचा. हाताने स्नायू मोकळे करणं, डायलेटर (योनीमार्गाला हळूहळू सैल व्हायची सवय लावणाऱ्या नळ्या) वगैरे त्यानंतर आलं. काही जणींना नंतरच्या टप्प्यावर स्नायूंना बळ देणारे व्यायाम देतातही, पण आधी सोडायला शिकल्यावर आणि कोणीतरी तपासून सांगितल्यावर.

मूल झाल्यावर थांबतं? काहींचं दुखणं काळाबरोबर आपोआप कमी होतं हे खरं, पण बाळंतपण हा त्यावरचा उपचार नाही. काहींचं तर त्यानंतरच सुरू होतं. ‘मन मोकळं ठेवा’चा अर्थ प्रत्यक्षात दात-ओठ खाऊन सहन करा असाच निघतो, आणि दुखत असताना रेटून नेलेला प्रत्येक संबंध शरीराला पुढच्या वेळी आधीच आखडायला शिकवतो. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

राहिलं ‘औषध नाही’. सगळ्यांना लागू पडेल असं एक औषध नाही, हे मान्य. काही उपचारांचे दावे चाचणीत टिकले नाहीत हेही सांगायला हवं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेसिप्रामिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळ्या आणि जागा बधिर करणारं लिडोकेनचं मलम नकली औषधापेक्षा सरस ठरले नाहीत. 2018 मध्ये गॅबापेंटिन या फिट्सवरच्या औषधाचीही तीच गत झाली. म्हणून कोणी “ही गोळी घ्या, महिन्यात बरं” म्हणालं तर सावध राहा, मग ती गोळी कुठल्याही पॅथीची असो.

पण दुसऱ्या बाजूला कॅनडातली 2021 ची चाचणी आहे. 212 स्त्रिया, 10 आठवडे. निम्म्यांना फिजिओथेरपी, निम्म्यांना रात्री लावायचं लिडोकेन. फिजिओथेरपीच्या गटात दहापैकी जवळपास आठ जणींनी बरीच किंवा खूपच सुधारणा सांगितली, लिडोकेनच्या गटात चौघींनी. शस्त्रक्रियाही आहे. त्यात उंबरठ्याची दुखरी पट्टी काढून टाकतात. 2001 मध्ये ती, बायोफीडबॅक (स्नायूंचा ताण यंत्रावर बघत त्यांच्यावर ताबा मिळवायला शिकणं) आणि गटात दिलेले मानसोपचार यांची तुलना झाली, तेव्हा वेदना सर्वांत जास्त शस्त्रक्रियेनेच कमी झाली होती. मात्र शस्त्रक्रियेच्या गटात नाव निघूनही काही जणींनी ती करून घेतली नाही. मी त्यांना दोष देत नाही. ती फक्त उंबरठ्यापुरत्या दुखण्यासाठी आहे आणि बाकीचं करून पाहिल्यावरच तिचा विचार करतात. मी अजून त्या वळणावर आलेले नाही.

माझं काय झालं म्हणाल तर, फिजिओ दीड वर्ष, अमिट्रिप्टिलिन आठ महिने (तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड), सुगंधी साबण कायमचा बंद, आणि पँटची शिवण बरोबर पाच-सातवर येते म्हणून कपाटातल्या तीन जीन्स बहिणीला. आकडा आता बहुतेक दिवस दोन असतो. पाळीच्या आधी चार. मागच्या पावसाळ्यात कारण न सांगता तीन आठवडे परत सातवर गेला आणि मी सगळं वाया गेलं म्हणून रडले. मग उतरला. सायकल अजून चालवत नाही.

मजकूर पाठवणाऱ्या तिघींपैकी एकीने हे सगळं ऐकून रात्री उशिरा विचारलं, काडी घरी लावून बघता येते का. येते. आरसा, स्वच्छ कापसाची काडी, थोडं पाणी लावून ओली केलेली, आणि घाई नसलेली वेळ. हात आधी मांडीवर. निदान त्यावरून स्वतःचं स्वतः करायचं नाही, जागा शोधायची. “खाली दुखतं” म्हणून गेलीस तर सोनोग्राफीची चिठ्ठी हातात पडेल, मी तिला सांगितलं. “पाच आणि सातला दुखतं, कापूस टेकला तरी” असं म्हण. निदान होईल न होईल, निदान बघतील तरी.