१९३० ला फोन केला, पुढे कोण?

सायबर फसवणुकीबद्दल जनजागृती भरपूर चालू आहे. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, व्हिडिओ कॉलवर कुणी अटक करत नसतं. हे सांगायलाच हवं. पण ज्याचे पैसे गेलेच त्याचं पुढे काय होतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो, तेव्हापासून ओळखीतले लोक या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. बरेचसे साठीच्या पुढचे. त्यांच्याबरोबर फिरून जे दिसलं त्यावरून लिहितोय.

१९३० ही हेल्पलाइन उत्तम आहे, हे आधी सांगतो. तक्रार नोंदली की पोलिस आणि बँका एकाच यंत्रणेतून पैशांचा माग काढतात आणि सापडेल त्या खात्यात रक्कम होल्ड करतात. २०२१ पूर्वी ही सोय नव्हती. पहिल्या तास-दोन तासांत फोन झाला, तर बरंच काही वाचू शकतं. एटीएममधून रोख निघाली किंवा क्रिप्टोत गेली, की मग फार कठीण.

खरी फरफट होल्डनंतर सुरू होते. माणूस नाशिकचा, पैसे अडकलेत परराज्यातल्या खात्यात, आणि ते खातं चार पैशांसाठी वापरायला दिलेल्या कुणा पोराचं. आपली शाखा म्हणते पोलिसांकडे जा. पोलिस ठाणं म्हणतं सायबरला जा. सायबरवाले म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. कोर्टात अर्ज केला की पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येईपर्यंत तारखा. वकिलाची फी वेगळीच. हद्दीचं कारण सांगून तर आता कुणाला परत पाठवताच येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. तरी लोक परत येतात.

एक निवृत्त शिक्षिका ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत, सापडल्या. आयुष्यभराची पुंजी गेली. ठाण्यात पहिला प्रश्न आला, “एवढ्या शिकलेल्या, आणि कशा फसलात हो?” त्यानंतर बाईंनी मुलालाही काही सांगितलं नाही. काही दिवसांनी त्यांना दुसरा फोन आला: सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडलीये, प्रोसेसिंग फी भरा. एकदा फसलेल्याचा नंबर या टोळ्या सोडत नाहीत. त्या वेळी खऱ्या पोलिसाचा एखादा नंबर बाईंकडे असता, तर त्यांनी आधी तिथे विचारलं असतं.

सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये लोकांचे सुमारे ७,४६५ कोटी गेले, २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. यातल्या प्रत्येक तक्रारीमागे एक घर आहे. तपास अधिकाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग. तो प्रत्येक पीडिताला फोन कधी करणार?

म्हणून हे काम वेगळ्या माणसाकडे द्यायला हवं. ब्रिटनमध्ये लंडन सिटी पोलिसांकडे फसवणुकीच्या पीडितांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथून तक्रारदारांशी संपर्क साधतात, पुन्हा फसू नयेत म्हणून काय करायचं ते समजावतात, गरज असेल तिथे मदतीशी जोडून देतात. यासाठी गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारीच लागतो असं नाही. गुजरातनं गोठवलेली रक्कम लोकअदालतीतून परत द्यायला सुरुवात केली, तीही पोलिस आणि विधी सेवा प्राधिकरण एकत्र बसले म्हणूनच.

माझी मागणी साधी आहे. आपल्या प्रत्येक सायबर पोलिस ठाण्यात पीडितांसाठी एक अंमलदार नेमा. तक्रारीच्या पोचपावतीवर त्याचं नाव आणि नंबर असू द्या. कुठल्या खात्यात किती रक्कम होल्ड आहे, कोर्टात कुठला अर्ज करायचा, ‘से’ कधी जाणार, हे त्यानं फोन करून सांगायचं. साठीच्या पुढचे तक्रारदार आणि डिजिटल अरेस्टची प्रकरणं, इथून सुरुवात केली तरी चालेल.