दहा ते चार कॅमेरा पिशवीतच ठेवायचा? अजिबात नाही

फोटोग्राफीच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: सकाळी दहा ते दुपारी चार पोर्ट्रेट काढूच नये, सोनेरी तासाची, म्हणजे सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्ताआधीच्या मऊ उन्हाची, वाट पाहावी. काढावंच लागलं तर सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, नाहीतर समोरच्याला झाडाखाली उभं करावं. उन्हात फ्लॅश लागत नाही. बाकी जे बिघडेल ते रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमधून, दुरुस्त होतं. शिकणाऱ्यांचं यात नुकसान आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वेळ. दहा ते चारचं ऊन वर्षभर सारखं नसतं. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर असतो. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते, नाकाची ओठांवर. त्या उन्हाबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण डिसेंबरच्या अखेरीस त्याच पुण्यात भर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो. तेव्हा माणसाला नुसतं वळवलं तरी चेहऱ्यावरचा उजेड बदलतो. आणि ज्याची वाट पाहायची तो सोनेरी तास आपल्याकडे तासभर टिकतच नाही. शेवटचे सहा अंश उतरायला सूर्याला अर्धा तासही लागत नाही, पश्चिमेला डोंगर असला तर त्याहून कमी. लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा, कांदा काढणी भर उन्हात, मंडईतला माणूस दुपारपर्यंत गाळ्यावर. या माणसांचे त्यांच्या कामातले, त्यांच्या सोहळ्यातले चेहरे टिपायचेच नाहीत का?

सूर्य पाठीशी ठेवण्याची शिकवण बॉक्स कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. साधं भिंग, मंद फिल्म, एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) बदलायची सोय जवळपास नाही. तेव्हा चेहऱ्यावर भरपूर ऊन लागायचंच. आज तसं करून बघा. मोत्यांच्या मुंडावळ्या बांधलेली नवरी सूर्याकडे तोंड करून उभी राहिली की सरांच्या काळ्या रेघा गालांवर उमटतात, डोळे बारीक होतात, पैठणीची जर पांढरीफटक पडते. तिला सूर्याकडे पाठ करायला सांगा. रेघा जातात, डोळे उघडतात, केसांना आणि खांद्यावरच्या पदराला उजेडाची कड मिळते. मागचा उजेड बघून कॅमेरा चेहरा काळा करतो, म्हणून उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरून घ्या किंवा एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). थेट ऊन भिंगावर पडू नये म्हणून लेन्सला हूड, म्हणजे पुढची झडप, हवाच. समोरून कुणाला तरी थर्माकोलची पांढरी शीट धरायला सांगा, पण छातीच्या वर. खालून मारलेला उजेड हनुवटी उजळतो आणि चेहरा भेसूर दिसतो.

झाडाचा सल्ला अर्धवट आहे. पानांतून कवडसे पडतात आणि एक गालावर, एक कपाळावर असे पांढरे ठिपके चेहऱ्याची वाट लावतात. सावली भरीव हवी: ओसरी, देवळाचा सभामंडप, वाड्याचा दरवाजा. तिथेही फार आत नको. काठापासून हातभर आत, तोंड अंगणाकडे. मग मोकळं आकाश आणि उन्हातलं अंगण मिळून मोठा, मऊ उजेड देतात आणि बुबुळात चमक येते. ती चमक दिसत नसेल तर जागा चुकली. अंगण कशाचं आहे तेही बघा. शहाबादी फरशीचा फारसा त्रास नसतो, पण कोकणातला जांभा चेहऱ्यावर तांबूस झाक टाकतो आणि हिरवळ हनुवटी हिरवट करते.

फ्लॅशची खरी गरज तर उन्हातच असते, सावल्या भरायला. अडचण वेगळीच आहे आणि ती हा मजकूर सांगत नाही. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला (भिंगाचं छिद्र लहान) शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. मागचं धूसर करायला एफ/२.८ वर (छिद्र मोठं) गेलात की ते १/३२०० होतं. बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश मात्र १/२०० ते १/२५० च्या पुढे नेहमीच्या पद्धतीने जुळत नाही. मग एकतर हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश जुळवणारी सोय) वापरा किंवा चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून शटर १/२०० वर आणा. फिल्टर फ्लॅशचा उजेडही तितकाच कापतो, त्यामुळे फ्लॅश माणसाच्या जवळ घ्यावा लागतो. जोर उन्हापेक्षा स्टॉप-दीड स्टॉप कमी ठेवा, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

राहिली रॉ फाइल. तिच्यातून सावल्या बऱ्याच उचलता येतात, हे मान्य. पण कपाळावरचा जो भाग पूर्ण पांढरा झाला तिथे परत आणायला काही उरलेलंच नसतं. सावलीची दिशाही कुठल्या स्लायडरने बदलत नाही. नाकाखालचा काळा पट्टा उजळला तरी त्याची धारदार कड तशीच राहते. कॅमेऱ्यातली हायलाइट वॉर्निंग, म्हणजे पूर्ण पांढरा पडलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना, चालू ठेवा. कपाळ किंवा नाकाचा शेंडा लुकलुकला की तिथेच एक्स्पोजर खाली आणा, आणि सावली नको तिथे पडली असेल तर माणसाला चार पावलं हलवा.