‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘सडेतोड’ या टोपणनावाने लिहिणारे साहेब,

एआय आल्यावर आम्हा भाषांतरकारांचा दर कसा उतरला, हे सांगणाऱ्या ‘शब्दामागे साठ पैसे’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘कॉम्प्युटर आला तेव्हाही हेच रडगाणं होतं. कामं जात नाहीत, बदलतात. ज्यांना शिकायचं नाही त्यांनी रडत बसावं.’

आधी चूक कबूल. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, मी २०२१ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘रडगाणं’. पुढे आणखी तीनदा वापरलात, मोजलंय मी. मतभेद असू द्यात हो, पण दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस चपला तरी बाहेर काढतो.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारे, होते. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या केसवर. कुठल्या जोडाक्षराचा खिळा कुठल्या खणात, हे न बघता हाताला कळायचं. बोटं कायम काळी. १९९३ साली तिथे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आलं आणि कामं बदलली, अगदी तुम्ही म्हणता तशी : मालकाच्या पुतण्याला खुर्ची, बाबांना प्रुफं पोचवायला सायकल. वय ४८. शिकायची तयारी होती. की-बोर्डला हात कुणी लावू दिला नाही. छपाईचा खर्च उतरला, त्यातलं आमच्या घरी काय आलं? तेव्हा ‘कामं बदलतात’ हे मला नका शिकवू.

आणि मी तर शिकलोय. भाषांतराला एआयचं यंत्र रोज वापरतो. एजन्सीने गेल्या वर्षी शब्दामागचा दीड रुपया साठ पैशांवर आणला, का तर मसुदा यंत्र करतं, ‘आता फक्त तपासायचंय’. परवा एका बँकेच्या पत्रकात ‘ऑटो-डेबिट’चं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याचं, ‘स्वयं-कर्ज’ झालेलं. ते पकडायला मूळ इंग्रजी आणि मराठी मसुदा, दोन्ही ओळीने वाचावं लागतं. वेळ तेवढाच जातो. मग उरलेले नव्वद पैसे कुणाच्या खिशात गेले, एवढंच लेखात विचारलं होतं. वाचलात का तो, की शीर्षक बघूनच बोटं शिवशिवली?

भीती पसरवतो म्हणता. जगातल्या जवळपास ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होईल आणि बहुतेक शक्यतांमध्ये विषमता वाढेल, असं जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने म्हटलंय. नाणेनिधी म्हणजे काही लाल बावट्याची युनियन नव्हे.

स्वस्त भाषांतरामुळे खेड्यातल्या माणसाला औषधाची, हवामानाची माहिती मराठीत मिळते, हा तुमचा शेवटचा मुद्दा. असेल. त्यावर पुन्हा कधीतरी. आज रात्रीत साडेचार हजार शब्द तपासून द्यायचेत.