पीडितांना खबर देणे म्हणे सरकारला परवडत नाही

आरोपीला जामीन मिळाला, कैदी रजेवर सुटला किंवा शिक्षा माफ झाली, तर पीडिताला वेळेत कळवणे सगळ्याच गंभीर गुन्ह्यांत कायद्याने सक्तीचे करा, अशी मागणी निघाली की एक ठरीव युक्तिवाद फिरू लागतो. लाखो खटले आहेत, प्रत्येक टप्प्यावर निरोप धाडायचा तर नवी यंत्रणा लागेल, करदात्यांचे कोट्यवधी जातील. पोलिसांनी तपास करायचा की निरोप पोचवायचे? आणि ज्याला हवे त्याने कोर्टाच्या संकेतस्थळावर बघावे.

‘नवी यंत्रणा’ हा मुद्दा सर्वांत लंगडा आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ईमेलने पाठवावी आणि अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावी. पोलीस, न्यायालये आणि कारागृहे यांच्या नोंदी जोडणारी आयसीजेएस प्रणालीही उभी आहे. म्हणजे तारीख संगणकात आहे आणि फिर्यादीचा नंबर पोलिसांकडे आहे. सिग्नल तोडला तर वाहनमालकाला ई-चलनाचा संदेश धाडणाऱ्या राज्याला हा संदेश मात्र महाग पडतो? अमेरिकेत केंटकीमधल्या लुइव्हिल परिसरात १९९४ मध्येच पीडितांना सुटकेची खबर देणारी स्वयंचलित फोनसेवा सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी तिथे जामिनावर सुटलेल्या माणसाने एका तरुणीचा खून केला होता. तो सुटल्याचे तिला कुणी कळवले नव्हते.

‘प्रत्येक टप्प्यावर’ हे तर मागणीतच नाही. जीव धोक्यात येतो तो सुटकेच्या वेळी.

हे कर्तव्य नवेही नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ जामिनासह न्यायालयीन कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क देते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत बालकाच्या कुटुंबाला आरोपीच्या जामिनाची, सुटकेची माहिती देण्याची तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १९३ तर ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायला सांगते, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवली तरी चालते.

पोलिसांच्या वेळेचा हिशोब करायचाच असेल तर न कळवल्याने जाणारा वेळही धरा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या हरिराम भांभी प्रकरणात तक्रारदाराला सूचना न देताच राजस्थान उच्च न्यायालयाने जामीन दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०२१ मध्ये तो जामीन रद्द झाला आणि कलम १५अ ची सूचना अनिवार्य ठरली. एका नोटिशीच्या अभावी सगळ्यांनी दिल्लीपर्यंत हेलपाटे घातले. बिल्किस बानो प्रकरणात (२००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खून) गुजरात सरकारने शिक्षा माफ केल्याने १५ ऑगस्ट २०२२ रोजी ११ दोषी सुटले. आपल्याला कुणी विचारले नाही, असे बिल्किस यांनी जाहीर निवेदनात सांगितले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून शिक्षामाफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती माफी रद्द केली.

राहिला संकेतस्थळाचा मुद्दा. तिथे आदेश दिसेल, पण आरोपी कारागृहाच्या दारातून कधी बाहेर पडणार ते दिसत नाही. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या बाईने रोज खटल्याचा क्रमांक टाकून बघत बसावे, ही अपेक्षाच क्रूर आहे.

खरा खर्च आहे तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तो मान्य करायला हवा. घरातला एकच मोबाइल आरोपीच्या भावाच्या हातात असेल तर संदेश पाठवणे धोक्याचे. काहींचा नंबर बदललेला असतो, काहींना वाचता येत नाही, काहींना कळवून घ्यायचेच नसते. म्हणून पीडितेलाच आधी विचारायचे, तिने सांगितलेल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर घ्यायचा, आणि अशा मोजक्या प्रकरणांत महिला अंमलदाराने सुटकेआधी समक्ष जाऊन सांगायचे. कैद्याच्या संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेच्या अर्जावर स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवतातच. त्याच फेरीत पीडितेच्या घरीही जाता येते.